पंगतीतली रिकामी जागा

गुरुवार, १२ सप्टेंबर. अल्फारेटा, अमेरिका

पोचले एकदाची! सांगलीहून निघाल्यापासून अंग नुसतं आंबून गेलंय, पण झोप काही येत नाही, म्हणून ही वही उघडली. सत्यजितनेच दिली. म्हणाला, आई, दिवसभर आम्ही दोघं लॅपटॉपवर, आन्या शाळेत, तू बोलणार कुणाशी? हिच्याशी बोल. लेकाला माझी जीभ चांगलीच माहीत आहे.

विमानतळावर आन्या धावत आली आणि कमरेला मिठी मारली ती सोडेचना. सात वर्षांची झाली नात माझी. पुढचे दात पडलेत, त्यामुळे हसली की थेट माझे वडील दिसतात. मराठी सगळं कळतं, पण उत्तर मात्र इंग्रजीत. मी म्हटलं, बाई गं, तू इंग्रजीत बोल, मी मराठीत बोलते, बघू कोण आधी दमतं. हिमानी, म्हणजे माझी सून, गाडी चालवता चालवता हसत होती. पोरगी गोड आहे. फक्त भाजीत मीठ घालायला घाबरते.

आणि घर! स्वयंपाकघर एवढं मोठं की माझी अख्खी खानावळ त्यात मावली असती. तीस वर्षं मी इंजिनिअरिंगच्या पोरांना जेवू घातलं, दोन खोल्यांत चटया टाकून पंगतीवर पंगती उठवल्या. दारात आलेला कुणी उपाशी गेला नाही, एवढी एकच गोष्ट मी छाती पुढे काढून सांगू शकते.

हे असते तर इथल्या भिंती ठोकून बघितल्या असत्या आणि म्हणाले असते, अगं शैलजा, हा तर पुठ्ठा आहे. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. सगळी पोरं जेवून गेली की मी पानावर बसायची, आणि तोवर हे ताटावर हात ठेवून थांबायचे. मी बसल्याशिवाय घास नाही. जेवताना आजही शेजारी बघायची सवय जात नाही.

सोमवार, १६ सप्टेंबर

घराच्या मागे बॅकयार्ड आहे, त्याला लाकडी डेक, म्हणजे आपला ओटाच, पुढे गालिच्यासारखं गवत. कुंपणापलीकडे ओढा आणि ओढ्याच्या काठाला एक टेकाड. त्यावर मोठमोठी ओकची झाडं. सगळी वसाहत सपाट केली बिल्डरने, तेवढं एक टेकाड कसं राहिलं कोण जाणे. दुपारी मी डेकवर शेंगा निवडत बसते. माणूस दिसत नाही. शेजारी राहतात म्हणे, पण त्यांच्या गाड्याच तेवढ्या दिसतात.

आज आन्याला पहिल्यांदा रागावले. अर्धी पोळी ताटात टाकून उठली आणि पळाली टीव्हीपाशी. मी तिला धरून आणून बसवलं. म्हटलं, पानावरून अर्ध्यावर उठायचं नाही. पंगतीत तर मुळीच नाही, सगळ्यांचं होईपर्यंत बसून राहायचं. एक उठला की शेजारच्याचा घास घशात अडकतो. तिने इंग्रजीत विचारलं की बाथरूम लागली तर? मी म्हटलं, तरी नाही. सत्यजित म्हणाला, आई, प्लीज, ट्रॉमा देऊ नकोस तिला. हा ट्रॉमा घेऊनच मोठा झालास रे बाबा, आणि चांगला मॅनेजर झालास.

शाळेत तिला प्रोजेक्ट दिलंय. जुने दर्यावर्दी अमेरिकेत आले ते, आणि त्यांच्या आधीपासून जे इथे राहत होते ते. तिने पुठ्ठ्याचं जहाज केलं. शिडं माझ्या जुन्या परकराची. आता गाव करायचंय म्हणते, पण गाव कसं होतं ते तिला ठाऊक नाही.

शनिवार, २१ सप्टेंबर

हिमानीची मामेबहीण देवयानी आली होती. ॲटलांटात शिकते, जमिनीखालची जुनी गावं उकरून अभ्यास करण्याचं शिक्षण. मी म्हटलं, लग्नाळू पोरीला मातीत हात घालून काय मिळतं? ती म्हणाली, मावशी, स्थळं मिळतात, पण फार जुनी. आवडली मला कार्टी.

जेवताना ती आन्याला सांगत होती. आमच्या मागचं टेकाड आपोआप झालेलं नसावं, माणसांनी टोपल्यांनी माती वाहून केलेलं असावं. ओढ्याकाठी गाव असणार. मग स्पॅनिश लोक घोड्यांवरून आले, सोनं शोधत. सोनं मिळालं नाही, तेव्हा या भागातल्या गावागावातून मक्याची कोठारं रिकामी करून घेतली आणि ओझी वाहायला माणसं बांधून नेली. बाया, पोरीसुद्धा. मागाहून रोगराई आली. कुठली ते नक्की सांगता येत नाही म्हणाली. नंतरचे लोक आले तेव्हा गावंच्या गावं ओस पडलेली.

मी विचारलं, यांना इंडियन का म्हणतात मग? तर म्हणे, ते दर्यावर्दी निघाले होते आपल्याकडे यायला, आणि पोचले इथे. म्हणजे बघा! आमच्या दाराशी यायचं संकट चुकून यांच्या दारात उतरलं. आन्याने विचारलं, बांधून नेलेल्या मुली परत आल्या का? देवयानीने हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, जी गेली ती बहुतेक नाही आली.

त्या लोकांचं जेवण काय, तर मका, घेवडा आणि लाल भोपळा. तिन्ही एकत्र पेरायचे. म्हटलं, भोपळा तर आपल्याला पितरांच्या पानात लागतो! सगळ्या जगाची चूल एकच आहे.

बुधवार, २ ऑक्टोबर. सर्वपित्री अमावास्या

ह्यांच्या तिथीला सत्यजितला सुट्टी नव्हती, म्हणून आज केलं. सकाळी त्याने फोटोला हार घातला, नमस्कार केला आणि कॉल आहे म्हणून वर गेला. स्वयंपाक माझा. खीर, वडे, गवार, आमसुलाची चटणी आणि भोपळ्याची भाजी. केळीचं पान इथे फ्रोझन मिळतं, गोठलेलं पान बघायचं राहिलं होतं तेही पाहिलं. हिमानीने दाण्यांचा मका आणला होता, तो आणि घेवडाही केला. देवयानीचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं.

पान बॅकयार्डात गवतावर ठेवलं आणि उभी राहिले. इथले कावळे आपल्यापेक्षा धष्टपुष्ट. एक येऊन कुंपणावर बसला. बसला तो बसलाच. शिवेना.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याच्या मनात काहीतरी राहिलंय. मग घरचे एकेक कबूल करत जातात, त्याची इच्छा सापडेपर्यंत. मी सुरू केलं. सत्यजितला टोचून बोलणार नाही. नाही शिवला. गुडघ्याचं ऑपरेशन करून घेईन. नाही. खानावळीची जागा विकणार नाही. त्याने मान फिरवली. डोक्यावर ऊन, पाय दुखायला लागले, रडू यायला लागलं. एवढ्या लांब हे येणार तरी कसे? ह्यांना कधी मिरजेच्या पुढचा रस्ता सापडला नाही.

शेवटी चिडले. मोठ्याने म्हटलं, बरं, हे येत नसतील तर नसोत. या जागेवर जे कोण उपाशी असाल, ज्यांना घास घालायला मागे कुणी उरलं नाही, त्यांनी या आणि जेवा. तुमचं जे काही राहिलं असेल ते मी पुरं करीन.

तोंडातून शब्द पडला आणि कावळा थेट पानावर उतरला. त्याच्यामागून टेकाडावरच्या झाडांतून थवाच्या थवा आला.

बरं वाटलं. अगदी खानावळीच्या जुन्या दिवसांसारखं वाटलं.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

खिरीची वाटी परवा बाहेरच राहिली होती. आज डेकच्या पायरीवर सापडली. लख्ख घासलेली, आणि आत मक्याचे मूठभर दाणे. बारीक, कडक, जांभळट. असा मका कुठल्या दुकानात पाहिला नाही. रिकामं भांडं परत करू नये, हे आपल्यासारखं इथेही कुणाला तरी ठाऊक आहे, म्हणून मला आधी कौतुकच वाटलं. शेजारणीचं काम असेल म्हटलं. हिमानी म्हणाली, आई, इथे शेजारणी असं काही करत नाहीत.

आन्याने त्यातले दाणे तोंडात टाकले. मी थुंक म्हणेपर्यंत चावून गिळलेसुद्धा. गोड आहेत म्हणाली.

आणि गवत. बॅकयार्डातलं गवत दबलंय. कसंही नाही, ओळीने. पाटाएवढी जागा, मग थोडं अंतर, मग पुन्हा पाटाएवढी. एकीमागे एक दोन ओळी. तीस वर्षं पंगती मांडल्यात मी, मला ती खूण ओळखायला चष्मा लागत नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

सत्यजित म्हणतो हरणं येऊन बसतात. असेल बाई. हरणं ओळीत बसतात का, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

ओळी वाढल्यात. पार ओढ्याच्या कुंपणापर्यंत. मला कसंतरी झालं, पण खरं लिहायचं तर भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. बोलावलं मी, आणि एका पानावर भागवलं? म्हणून आज मोठं पातेलं चढवलं. मका, घेवडा, भोपळा, भात. प्रत्येक दबलेल्या जागेपुढे कागदी ताटली ठेवून वाढत गेले. हिमानी खिडकीतून बघत होती. तिला वाटलं मी पक्ष्यांसाठी करतेय. वाटू दे.

दुपारभर बसून पाहिलं. कुणी शिवलं नाही. मुंगीसुद्धा नाही. अन्न तसंच्या तसं, वाफ मात्र संध्याकाळपर्यंत निघत होती.

एका ओळीच्या टोकाला, टेकाडाच्या बाजूला, एक जागा सुटलेली आहे. दोन्हीकडे गवत दबलंय, तिथे नाही. छोटी जागा आहे. लहान मुलाची. तिथेही एक ताटली ठेवली.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आन्या जेवत नाही. अंग गरम आहे. कालपासून पोटात पाण्यापलीकडे काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या व्हायरल, पाणी पाजत राहा. मी मऊ भात केला, तूप-मीठ घालून भरवायला बसले. तोंड फिरवलं. म्हणाली, आता नको, मी त्यांच्याबरोबर जेवणार आहे. कोण ते विचारलं तर खिडकीकडे बोट.

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

म्हणाली, त्यांनी माझी जागा धरून ठेवली आहे.

गुरुवार, १० ऑक्टोबर

दिसले.

भर दुपारी. ऊन लख्ख. मी आन्याच्या खिडकीत उभी होते. आधी वाटलं उन्हाने डोळे दिपले. मग पाठी दिसल्या. ओळीने. बायका, म्हातारे, पोरं. सगळ्यांच्या पाठी वाळलेल्या, बरगड्या मोजाव्यात अशा. हलत नाहीत. प्रत्येकापुढे माझी ताटली, आणि सगळ्यांचे हात मांडीवर.

पाहुणे थांबलेत. कुणीतरी यायचंय म्हणून थांबलेत.

टोकाला एक म्हातारी आहे, माझ्याएवढीच. शेजारच्या रिकाम्या जागेपुढच्या ताटलीवर हात ठेवून बसली आहे. कुणी उचलू नये म्हणून. हे ठेवायचे तसा.

आन्या तापात सांगत होती, तुटक तुटक. म्हातारीची नात आहे. घोडेवाल्यांनी दोरी बांधून नेली. जेवायच्या वेळेला नेली. तेव्हापासून कुणी जेवलं नाही, ती आल्याशिवाय म्हातारी जेवू देत नाही. मग सगळे आजारी पडले, तरी वाट बघत राहिले. आणि आता ती आजी म्हणते की मीच ती. मी तिचा मका खाल्ला.

मी काय कबूल करून बसले! कुणाला विचारलं नाही, काय राहिलंय ते विचारलं नाही — सरळ शब्द देऊन टाकला!

शनिवार, १२ ऑक्टोबर. दसरा

सोनं नाही, तोरण नाही. सत्यजितने माझं परतीचं तिकीट पाहायला घेतलंय. आईला भास होतात, असं हिमानीला हळू सांगत होता. मी ऐकलं. रागावले नाही. बाप आहे तो, त्याची पोर झिजते आहे.

टेस्ट सगळ्या नॉर्मल. सोमवारपर्यंत काही खाल्लं नाही तर ॲडमिट करायचं.

मी खाली जाऊन त्यांना निरोप द्यायचा प्रयत्न केला. दही-भाताचा नैवेद्य दाखवला, हात जोडले. म्हटलं, तृप्त व्हा, आपल्या ठिकाणी जा, माझी पोर सोडा. एकही पाठ हलली नाही. तृप्त कसे होतील? जेवलेच नाहीत.

म्हातारीचे खांदे तेवढे हलत होते. रडत होती ती. आवाज नाही.

तिचा राग यायला हवा. येत नाही. आन्याला कुणी नेलं असतं तर मीसुद्धा — मीसुद्धा पानावरचा हात काढला नसता.

रविवार, १३ ऑक्टोबर

आन्या उठून बसली. वाटलं बरं वाटतंय. पण ती चालत जिन्याकडे निघाली. डोळे मिटलेले. हिमानीने उचलून परत आणलं, अंगात काही वजनच नाही. रडतेय पोरीची आई. मी काय सांगू तिला? कुठल्या तोंडाने?

खिडकीतून बघितलं. आज पाठी नाहीत.

तोंडं इकडे केली आहेत सगळ्यांनी. वर. आन्याच्या खिडकीकडे —

वाईट नाहीत गं ती तोंडं. भुकेली आहेत. नुसती भुकेली.

सोमवार, १४ ऑक्टोबर

आज इथे सुट्टी. आपल्याकडे यायला निघालेल्या त्या दर्यावर्द्याच्या नावाची. आन्याचं पुठ्ठ्याचं जहाज कपाटावर तसंच आहे. गाव करायचं राहिलं.

दुपारी दवाखान्यात न्यायचंय. सत्यजित बॅग भरतोय. ती डोळे उघडत नाही.

विचार केला. शब्द दिला तेव्हा मी म्हटलं होतं, मी पुरं करीन. मी. आन्या नाही.

ती छोटी काही परत यायची नाही. पण जागा तर भरता येईल.

वही घेऊन खाली जाते —

डेकवर. सगळे बघतायत. वाट देतायत. पोरं पाय आखडून घेतायत, मला जायला.

बसले. गुडघे दुखले. गवत गार, एवढ्या उन्हात —

म्हातारीने मान वळवून पाहिलं. मी म्हटलं, मी ती नव्हे, बाई. पण ती येईपर्यंत तुझ्या शेजारी बसते. एकटीने वाट बघणं फार वाईट. मी दोन वर्षं —

तिला मराठी कुठलं. पण तिने ताटलीवरचा हात काढला. माझ्या हातावर ठेवला. खरखरीत. चुलीपाशी जन्म गेलेला हात —

वाढायला उठलीय कुणीतरी. मका. घेवडा. भोपळा. जन्मभर मी वाढलं. मला कुणी कधी —

सगळ्यांनी घास उचलला. अहो, जेवतायत! सगळे जेवतायत! मीही. जांभळा मका. गोड आहे —

वरची खिडकी उघडली. आन्या! उभी आहे. आपल्या पायांवर. हाका मारतेय. आजी, भूक लागली. आजी, मला भूक लागली —

मराठीत! मराठीत म्हणाली कार्टी! दमली शेवटी —

ती इकडेतिकडे बघतेय. मी इथेच आहे गं, समोर, ओळीच्या टोकाला. दिसत नाही का तुला — हात केला मी —

उठायला हवं. पण पंगतीतून अर्ध्यावर उठायचं नाही, मीच तिला शिकवलं. म्हातारी अजून जेवते आहे. किती हळू जेवते —

रडू नको, बाळा. हिमानी, तिला मऊ भात दे, तूप जास्त घाल, मी इथनं सांगते पण —

आलेच गं सोन्या. एवढी पंगत उठू दे. एवढा घास झाला की आले, ही बघ आले, आ